तिसऱ्या दिवसाची बस

भूगोलाच्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत अगदी शेवटी, समारोप आणि प्रमाणपत्र वाटपाच्याही खाली, एक ओळ असते: 'स्थानिक क्षेत्रभेट (ऐच्छिक)'. हा कंसातला शब्द वाचणाऱ्याला थोडा अडखळवतो. दोन दिवस बंद सभागृहात पडदे ओढून जमिनीविषयी बोलायचे, ते सक्तीचे. आणि तिसऱ्या दिवशी ती जमीन पाहायला जायचे, ते मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर. वनस्पतिशास्त्राच्या परिषदेत एकही झाड नसले तरी चालून जाते, कारण झाडाचे पान कागदात दाबून आणता येते. दरी आणता येत नाही.

म्हणून या शास्त्रात सहल ही परिषदेइतकीच जुनी. आंतरराष्ट्रीय भूगोल परिषद पहिल्यांदा 1871 साली बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात भरली आणि पुढे अधिवेशनाच्या आधी व नंतर यजमान देश हिंडवून दाखवण्याची रीतच पडली. 1912 साली विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी ही रीत टोकाला नेली. क्षरणचक्राचा सिद्धांत मांडणारे हेच ते डेव्हिस, ज्यांच्या युवावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्थेच्या आकृत्या भूगोलाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेत काढलेल्या असतात. त्यांनी युरोपातल्या भूगोलज्ञांना खास आगगाडीत बसवले आणि जवळजवळ दोन महिने अमेरिका आडवी दाखवली, पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणि परत. भारतात ही आंतरराष्ट्रीय परिषद 1968 साली नवी दिल्लीत भरली. ते तिचे एकविसावे अधिवेशन.

जिल्ह्याच्या गावी आगगाडी मिळत नाही, महाविद्यालयाची बस मिळते. अमरावतीहून ती सकाळी सातला निघणार असे ठरते आणि आठला निघते. परगावचे प्रतिनिधी तोवर गिलावडा खाऊन घेतात आणि पोह्यांवर 'सांबार' घालू का, असे विचारणाऱ्याकडे संशयाने पाहतात. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. प्रदेश बदलल्याची पहिली खूण बहुधा अशी ताटातच मिळते, आणि ती कुठल्याही नकाशात नसते.

बस कुठे जाणार हे विचारावे लागत नाही. ती चिखलदऱ्याला जाते. वाटेत वलगावजवळ पेढी नदी लागते. ज्यांचे नाव अमरावतीच्या विद्यापीठाला दिले आहे त्या गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी इथेच, या नदीच्या पुलाजवळ, प्रवासात देह ठेवला. बस सहसा थांबत नाही. पुढे आसेगावला पूर्णा ओलांडली जाते, तीही खिडकीतूनच. परतवाडा मागे पडते आणि समोर सातपुडा एकदम उभा राहतो. पायथ्याच्या टेकड्या नाहीत, चढाची तयारी नाही. मैदान संपते आणि भिंत सुरू होते. ही गाविलगडची भ्रंशरेषा. तिच्या दक्षिणेची जमीन खचली, उत्तरेची वर राहिली. वर्गात भ्रंश शिकवताना खडू मोडेपर्यंत रेघा ओढाव्या लागतात; परतवाड्याच्या पुढे नुसते बोट दाखवले तरी पुरते.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,118 मीटर उंच. घाटात लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. कॉफीची झाडे आहेत, कीचकदरी आहे, पंचबोल आहे. पंचबोलला सगळे अभ्यागत आपापले नाव ओरडून पाहतात आणि प्राध्यापक मंडळीही त्याला अपवाद नसतात. गाविलगडाचा किल्ला बहमनी काळातला. आर्थर वेलस्लीने तो डिसेंबर 1803 मध्ये घेतला. हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने 1823 साली चिखलदरा 'शोधला' असे प्रत्येक माहितीपत्रकात छापलेले असते. गंमत म्हणजे लोणारचे विवरही अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच वर्षी 'शोधले'. 1823 हे साल साहेबांना वऱ्हाडात फारच लाभले. मेळघाटात कोरकू त्याआधीही राहत होते आणि लोणारचा उल्लेख अकबराच्या काळच्या आईने अकबरीत येतो; पण शोधणाऱ्यांना कोणीतरी शोधावे लागते, तोवर अशी वाक्ये छापली जातात.

चिखलदरा वाईट नाही. तिथे जाऊन भूगोल दिसत नाही असेही नाही. फक्त तिथे सगळे आधीच 'पॉइंट' करून ठेवलेले आहे. कठड्याला टेकून पाहायचे आणि पुढच्या पॉइंटला जायचे. भूगोलज्ञाला कठडा लागता कामा नये.

त्या मानाने मोर्शी तालुक्यातले सालबर्डी उत्तम. मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या या गावाच्या परिसरात अतिप्राचीन पट्टिताश्म, गोंडवन गाळाचे खडक, लॅमेटा थर आणि वर दख्खनचा बेसॉल्ट हे सगळे चालत जाण्याच्या अंतरात भेटतात. लॅमेटा थरांत डायनोसॉरच्या अंड्यांची जीवाश्मे सापडली आहेत. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, त्यामुळे त्या आठवड्यात खडक पाहायला जाणाऱ्याने तो नाद सोडून रांगेत उभे राहावे. मोर्शी-वरुडची संत्र्याची बाग हा या वाटेवरचा दुसरा धडा: आंबिया आणि मृग हे दोन बहार, आणि त्यांच्यापायी दर काही वर्षांनी आणखी खोल जाणाऱ्या कूपनलिका.

वऱ्हाडचा जुना भूगोल लोकांनी तीन शब्दांत बसवला होता. उत्तरेचा डोंगर तो मेळघाट, दक्षिणेचे पठार तो बालाघाट, आणि मधला सखल भाग तो पायनघाट. परिषदेची बस मेळघाटात जाते. वेळ असेल तर बालाघाटाकडे, लोणारला जाते. तिथे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेले विवर आहे, ज्याचे पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झाले आणि जे त्याच वर्षी रामसर यादीत गेले. पायनघाटात ती फक्त जाता-येता असते. 'तिथे पाहण्यासारखे काही नाही', असे यजमानच सांगतात.

हे खरे आहे, आणि म्हणूनच तिथे जावे. दर्यापूरकडून अकोल्याच्या बाजूला जाणारी बस दोन तास सपाट जमिनीवरून चालते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर हा भाग जवळजवळ कोरा दिसतो. समोच्च रेषा इतक्या विरळ की नकाशा छापायचा राहून गेला असावा असे वाटते. त्यात अकोला शहर नेमके 77 अंश पूर्व रेखावृत्तावर बसलेले, त्यामुळे ते दोन नकाशांच्या शिवेवर येते आणि एका शहरासाठी दोन नकाशे जोडावे लागतात. नकाशा वाचणाऱ्यांना हा वैताग परिचयाचा आहे.

या कोऱ्या कागदाखाली मात्र बरेच काही आहे. गाविलगडच्या पायथ्याशी खचलेल्या खोलगटात पूर्णेने आणि तिच्या उपनद्यांनी गाळ भरत नेला; काही ठिकाणी त्याची जाडी शेकडो मीटर आहे. चिकणमातीतून पाणी सरकायला तयार नसते. खडकांच्या झिजेतून आलेले क्षार वाहून जायच्या ऐवजी साठत राहिले. हाच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली 894 गावे त्यात मोजली जातात. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिता येत नाही. शेताला दिले तर जमीन चोपण होते. पाणी असून कोरडवाहू असा हा प्रदेश आहे, आणि 'सिंचन' या शब्दाची पाठ्यपुस्तकातली व्याख्या इथे मोडते. त्या पाण्याने दाळ शिजायला वेळ लागतो, चहा फुटतो, आणि मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार गावोगाव ऐकू येते. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणाचे पाणी नळाने आणणाऱ्या योजनेचे नावच '84 खेडी योजना' आहे.

गाव पाहायचे तर दोन शब्द पुरतात: पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे शेताची. पायनघाटात हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण पांढरी आसपासच्या शेतापेक्षा किंचित उंच असते. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे पडली, त्यांवर नवी उभी राहिली आणि गाव स्वतःच्याच ढिगाऱ्यावर वर चढत गेले. जुनी घरे धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. त्या छपरावर पावसाळ्यापूर्वी खारी माती पसरतात. सोडियमयुक्त चिकणमाती ओली झाली की तिचे कण विस्कटून भेगा बुजवतात आणि पाणी खाली मुरू देत नाहीत. ज्या दोषामुळे शेत बिघडते तोच दोष छपरावर गुण होतो. मृदाशास्त्राचा एवढा नेटका प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत मांडलेला नसेल, आणि तो पाहायला शिडी लागते.

अकोल्याच्या उत्तरेला दहीहांडा नावाचे गाव आहे. एकेकाळी या भागात खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ काढत. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि मीठ मात्र घरचे. इंग्रजी अमलात हा धंदा बंद पडला, विहिरी राहिल्या. मग 1930 साल आले. 6 एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले गेले आणि सगळ्या देशाला मिठाचा कायदा मोडायची घाई झाली. किनाऱ्यावरच्या गावांचे सोपे होते. आत, पठारावर राहणाऱ्यांनी काय करावे? वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांनी नकाशा पाहिला की नाही कोण जाणे, पण त्यांना आपल्या विहिरी ठाऊक होत्या. त्याच एप्रिलमध्ये दहीहांड्याला खाऱ्या विहिरीचे पाणी आणून, चुलीवर आटवून मीठ केले गेले. दर्यापूरच्या बाजूला भामोदलाही तसेच झाले. कढईच्या बुडाशी उरलेले ते पांढरट कण खाण्यालायक होते की नव्हते हा प्रश्नच नव्हता. ते बेकायदा होते, एवढे पुरेसे होते.

या घटनेची भूगोलाच्या बाजूने फारशी दखल घेतली जात नाही. इतिहासकार तिला मिठाच्या सत्याग्रहाची एक शाखा म्हणून एका ओळीत उरकतात, आणि भूगोलज्ञ भूजलाच्या क्षारतेवर निबंध वाचताना तिचे नाव घेत नाहीत. वास्तविक सत्याग्रहाची जागा इथे भूजलाने ठरवली. पुसदला खारी विहीर नव्हती, जंगल होते. तिथे त्याच वर्षीच्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला गेला. एकाच वर्षी, एकाच प्रांतात, एका ठिकाणी कढई आणि दुसऱ्या ठिकाणी विळा. मधल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये मैदान संपून डोंगर सुरू होतो, फरक तेवढाच. पायनघाट आणि बालाघाट हे शब्द जुन्या कागदांत अडकलेले नाहीत, हे समजून घ्यायला या दोन गावांइतकी चांगली उदाहरणे सापडायची नाहीत. बस एका दिवसात दोन्हीकडे जाऊ शकत नाही, हे खरे. पण परिषद दोन दिवस चालते, आणि त्यातले एक सत्र कमी केले तर कोणाचे काही बिघडेल असे वाटत नाही.

दहीहांड्याहून अकोल्याकडे येताना अकोट रस्त्यावर गांधीग्राम लागते आणि पूर्णा पुन्हा भेटते, या वेळी उतरून पाहावी अशी. काठ उभे कापलेले आहेत आणि कापात गाळाचे थर वाचता येतात. पूर्णेच्या या गाळात ज्वालामुखीच्या राखेचे थर सापडले आहेत; ती राख सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची समजली जाते. इतक्या दुरून वाऱ्यावर आलेली वस्तू वऱ्हाडात मुक्कामाला राहिली. याच घाटावरून श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे शिवभक्त कावडींमधून पूर्णेचे पाणी राजराजेश्वराला नेतात, रात्रभर चालत. विहिरीचे पाणी खारे, नदीचे पाणी देवाला. दोन्हींत अंतर काही हातांचे.

राहिले व्यवहाराचे. हिवाळा हाच या सहलीचा काळ: हरभरा उभा असतो, कापसाची वेचणी चालू असते. पावसाळ्यात काळ्या जमिनीत बस रुतली की ट्रॅक्टरही तिच्याजवळ येत नाही. उन्हाळ्यात भेगा एवढ्या रुंद होतात की हातातली पट्टी आत गेली तर परत मिळत नाही. सोबत नकाशा, हातोडी आणि गावातला एखादा वयस्क माणूस असावा. 'इथं काय पाहाले आले जी?' असे तो आधी विचारतो, आणि मग स्वतःच दोन तास दाखवत राहतो. मार्गदर्शनाची छापील पुस्तिका असल्यास उत्तम, पण ती बसमध्ये वाचू नये, खिडकी पाहावी.

आणि पिण्याचे पाणी अमरावतीहून किंवा अकोल्याहूनच भरून घ्यावे.