फुलेऱ्याचा आठवा भाग

विनोदी लेखनाने वाचकास रडवू नये, असा एक अलिखित करार लेखक आणि वाचक यांच्यात असतो. निदान कचेरीवरच्या विनोदापुरता तरी तो बहुधा पाळला जातो. चिं. वि. जोशी यांनी बडोद्यास नोकरी करीत असता चिमणराव रंगविला. त्या बिचाऱ्याची फजिती नाना प्रकारांनी झाली, पण पुस्तक मिटताना वाचकाच्या ओठांवर हसूच राहिले. पुढे २००१ साली दूरचित्रवाणीवर ‘ऑफिस ऑफिस’ सुरू झाले. पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल दर खेपेस नव्या सरकारी खात्याची पायरी चढे आणि तीच पाच माणसे नव्या टेबलांमागे बसून त्याला पिळून काढीत. त्या पाचांतील उषाजी म्हणजे आसावरी जोशी. छळणाऱ्या मंडळींत एक मराठी बाई आहे, याचा आमच्या घरी काय अभिमान! मुसद्दीलालाचे हाल पाहून आम्ही पोट धरून हसलो, आणि पुढे स्वतः टेबलामागे जाऊन बसलो ते हसू विसरून.

मे २०२२ मध्ये तो करार मोडला. मोडणारी मालिका म्हणजे ‘पंचायत’. तिचे पहिले पर्व एप्रिल २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत आले, आणि परप्रांती बदलीवर असलेल्या आमच्यासारख्यांनी ते घरचे कार्य असल्याच्या उत्साहाने पाहिले. त्यास कारण होते. अभिषेक त्रिपाठी हा इंजिनियर झालेला शहरी तरुण. मनासारखी नोकरी मिळाली नाही म्हणून तो महिना २०,००० रुपयांवर बलिया जिल्ह्यातल्या फुलेरा नामक कल्पित गावी ग्रामपंचायतीचा सचिव होऊन जातो. आपल्याकडील ग्रामसेवकच म्हणा ना. कचेरीतच त्याचे बिऱ्हाड. दिवसा दाखले द्यावेत आणि रात्री परीक्षेचा अभ्यास करून तेथून सुटकेची वाट शोधावी. त्या पर्वात चाकांच्या खुर्चीवरून एक सबंध भाग रंगला आहे. कोणाच्या खुर्चीस हात आहेत, कोणाच्या पाठीवर टॉवेल आहे, यावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या कचेरीत ज्यांचे आयुष्य जाते, त्यांना त्या भागाचा अर्थ उलगडून सांगावा लागला नाही.

दुसरे पर्व १८ मे २०२२ रोजी आले. चेन्नईत ते दिवस अग्निनक्षत्राचे. बेझंट नगरच्या सरकारी वसाहतीत सायंकाळी समुद्राचा वारा सुटेपर्यंत खिडक्या उघडण्याची सोय नसते, तेव्हा लोक घरात बसून भागामागून भाग पाहत होते. सात भाग नेहमीच्या वळणाचे झाले. आठव्याचे नाव ‘परिवार’. उपप्रधान प्रल्हाद पांडे हा या कचेरीतला सर्वांत भाबडा, सर्वांत हसरा माणूस. बायको आधीच वारलेली, एकुलता एक मुलगा सैन्यात. तो मुलगा कामी आल्याची बातमी येते, तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते, आणि ज्यांच्या चुका-खोड्यांवर आम्ही दोन वर्षे हसत होतो ती चार माणसे एकाएकी हसण्यापलीकडे जातात. फैसल मलिक यांनी प्रल्हाद असा उभा केला आहे की आक्रोशापेक्षा त्याचे नुसते बसणे पाहवत नाही. अंत्यसंस्काराच्या वेळी मिरवू पाहणाऱ्या आमदारास प्रधान मंजूदेवी वाटेतच अडविते. त्या वेळी नीना गुप्ता यांचा आवाज चढत नाही, हे विशेष.

त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. आमच्या शेजारच्या खात्यात एक वऱ्हाडी स्नेही आहेत. डबा उघडण्यापूर्वीच त्यांनी तक्रार गुदरली, “हसायचे पैसे भरले अन् रडायची पावती हाती आली.” त्यांचा आक्षेप केवळ थट्टेचा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, जवानाच्या पेटीपुढे कोणाच्याही डोळ्यांत पाणी येते. त्यात लेखकाची कमाई ती कोणती? सात भाग लेखणीने लिहिले आणि आठवा झेंड्याने लिहिला. हे बोलणे आम्हांस त्या दिवशी झोंबले, कारण ते बरेचसे खरे होते.

आमच्याच दालनात बलियाकडचा एक तरुण आहे. परीक्षा देऊन निवडला गेला आणि नकाशावर शेवटच्या टोकास येऊन पडला. पहिल्या पर्वापासून तो या मालिकेवर नाराज. घरे आमच्याकडची नाहीत, बोली अर्धीमुर्धी, आमच्या जिल्ह्याचे नाव तेवढे घेतले, अशी त्याची फिर्याद. घरांबाबत तो चूक नव्हता. चित्रण मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात, महोडिया गावी झाले आहे. आठव्या भागानंतर मात्र त्याने एकही चूक काढली नाही. त्याचा धाकटा भाऊ सैन्यात आहे, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम कळले. तीन वर्षे शेजारी बसून न कळलेली गोष्ट!

सर्वांत निराळा प्रश्न विचारला तो आमच्या सहायक बाईंनी. त्या मयिलापूरच्या. हिंदी त्यांना येत नाही आणि यावी असे त्यांना वाटतही नाही. पडद्याच्या तळाशी उमटणारे इंग्रजी शब्द वाचीत त्यांनी आठही भाग संपविले होते. “त्या दिवशी प्रल्हादच्या घरी जेवण कोणी आणले?” त्यांनी विचारले. त्यांच्याकडे मृत्यूच्या घरी चूल पेटत नाही. आम्ही म्हटले, आमच्याकडेही नाही. शेजारी पिठले-भाकरी आणतात. “मग ते दाखवायला हवे होते,” असे म्हणून त्या फायलीकडे वळल्या.

हा प्रश्न आम्हांस का लागला, ते सांगितलेच पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२१ मध्ये, आमचे वडील बार्शीस वारले. १० मेपासून तमिळनाडूत टाळेबंदी होती. बार्शीस वेळेत पोहोचण्यासारखी सोय झाली नाही, आणि पोहोचूनही जवळ जाता आले नसते. धाकट्या भावाने फोन उंच धरला आणि आम्ही येथून पाहिले. त्या दिवशी सायंकाळी आमचे अधीक्षक स्कूटरवरून आले. हातात स्टीलचा डबा, त्यात दहीभात आणि लिंबाचे लोणचे. संसर्गाच्या भयाने ते घरात आले नाहीत. जिन्यात, आमच्या उंबऱ्यापासून चार पायऱ्या खाली, मुखपट्टी लावून बसले. आम्ही उंबऱ्यावर बसलो. त्यांना मराठी येत नाही, आम्हांस तेव्हा तमिळ येत नव्हते, आणि इंग्रजीत आम्ही दोघे आजवर केवळ रजा, थकबाकी आणि लेखापरीक्षणाच्या हरकती एवढ्यांवरच बोललो होतो. शोकाचे इंग्रजी दोघांपाशीही नव्हते. सुमारे तासभर कोणी बोलले नाही. मग ते उठले, डबा उद्या परत करण्याची घाई नाही असे म्हणाले आणि गेले. तीन दिवस तीन घरांचे डबे आले. त्यांत एक मयिलापूरचा होता.

म्हणून वऱ्हाडी स्नेह्यांचा आक्षेप अर्धा मान्य करूनही आम्ही आठव्या भागाच्या बाजूने उभे राहतो. पेटी येते तेथवरचे दृश्य कोणीही लिहील. नंतरचे अवघड होते. घर रिकामे झाल्यावर प्रल्हादाजवळ उरतात ते प्रधान, सचिव आणि विकास नावाचा कार्यालय-सहायक. म्हणजे हजेरीपटाने एकत्र आणलेली माणसे. यांतील कोणी कोणाला निवडले नव्हते. सचिव तर पहिल्या दिवसापासून येथून निघून जाण्यासाठीच अभ्यास करीत आहे. भागाचे नाव ‘परिवार’ ठेवण्याचा अधिकार लेखक चंदनकुमार यांनी तेथे मिळविला, असे आमचे मत आहे. बदलीच्या गावी राहणाऱ्यास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसते. ज्यांचे सारे नातलग हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांना हा भाग थोडा ताणलेला वाटला असल्यास त्यांचाही दोष नाही.

अधीक्षकांना आम्ही मुद्दाम विचारले, विनोदी मालिकेत मरण आणणे आपणांस खटकले काय? त्यांना प्रश्नच कळेना. मद्रासच्या सभागृहांतली नाटके पाहत ते लहानाचे मोठे झालेले. के. बालचंदर हे त्यांचे दैवत. बालचंदर येथल्याच महालेखापाल कार्यालयात कारकून होते आणि नोकरी सांभाळून हौशी रंगभूमीसाठी नाटके लिहीत, हे ते दर नव्या उमेदवाराला ऐकवितात; त्यात उत्तेजन किती आणि ताकीद किती, हे अजून ठरलेले नाही. बालचंदर यांनीच लिहिलेल्या ‘सर्वर सुंदरम’ या १९६४ च्या चित्रपटात नागेश यांनी पोट दुखेपर्यंत हसविले आणि मग मान खाली घालायला लाविले. नागेशही आधी रेल्वेत नोकरीला होते. तेव्हा सरकारी नोकराने हसवावे आणि रडवावे, यात नवल ते काय, असे अधीक्षकांचे म्हणणे पडले.

पुढे २०२३ च्या गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात याच दुसऱ्या पर्वास सर्वोत्तम वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला. तिसरे पर्व मे २०२४ मध्ये आले, त्यात प्रल्हाद अजून सावरलेला नव्हता, आणि तेव्हा पुष्कळ जण कुरकुरले की आता जुने हसू राहिले नाही. आम्हांस ते पर्व निवडणुकीच्या राजकारणात गुंतल्यासारखे वाटले, प्रल्हादाचा दोष दिसला नाही. जून २०२५ मधल्या चौथ्याबद्दल न बोललेले बरे.

दरम्यान २० सप्टेंबर २०२४ रोजी ‘पंचायत’चा तमिळ अवतार आला, ‘तलैवेट्टियान पाळैयम’. नागा यांनी तो दिग्दर्शित केला आहे. आठ भाग, आणि कथा मूळच्या पहिल्या पर्वाएवढीच. अधीक्षक आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. त्यांचा फोन आला. नट कसे आहेत, गाव कसे घेतले आहे, याची चर्चा झाली. एव्हाना आमचे तमिळ भाजीवाल्याशी भांडण्याइतपत झाले होते, त्यामुळे संभाषण निम्मे त्या भाषेत चालले. आम्ही म्हटले, याचे दुसरे पर्व निघाले तर तो शेवटचा भागही तमिळमध्ये पाहावयास मिळेल. ते क्षणभर थांबले. तो आपण पाहणार नाही, म्हणाले. हिंदीत आपण तो वाचला होता, तमिळमध्ये ऐकावा लागेल.

मग त्यांनी आमच्या आईची चौकशी केली. ती पुढच्या आठवड्यात बार्शीहून येणार असल्याचे आम्ही सांगितले. नवरात्रात घरी कोलू मांडणार आहोत, तिला घेऊन या, मात्र शुक्रवारी नको, त्या दिवशी फार गर्दी असते, असे बजावून त्यांनी फोन ठेवला.