दोन घरांचे प्रवासी

उधना जंक्शन आपल्या खानदेशी मंडळींना नवे नाही. जळगाव-नंदुरबारकडून येणारी ताप्ती लाइन इथे मुंबई-अहमदाबाद मार्गाला मिळते. कित्येक घरांचा सुरतेतला पहिला दिवस याच फलाटावर उजाडला.

पोटासाठी एक घर आणि मुळाचे दुसरे, हे रोहित पक्ष्यांचेही, म्हणजे फ्लेमिंगोंचेही आहे. चरायला ठाणे खाडी, पिलांसाठी कच्छचे रण. 2022 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ठाणे खाडीत सहा रोहितांना उपग्रहाच्या मदतीने ठावठिकाणा कळवणारी यंत्रे बसवली. त्यांतला एक ‘हुमायून’, पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या नावाचा. तो पावसाळ्यात भावनगरकडे गेला आणि पुन्हा मुंबईकडे परतला. नकाशावर ठाणे-भावनगर रेघ ओढा. ती उधन्याच्या पश्चिमेला, खंभातच्या आखातावरून जाते.

ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ आहे. तरी खाडीकाठची पाणथळ जागा भराव टाकून बुजवली, की हजारो पाखरांचे एक घर जाते. मग दुसरे असूनही पुरत नाही. दिवाळीत गावाकडची गाडी पकडणाऱ्या उधनेकरांना हे वेगळे सांगायला नको.