अण्णांचं कानाचं मशीन

लावणीच्या दिवसांत आमच्याकडे काहीही वाळत नाही. संगमेश्वर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. आषाढात दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट असतात, काडेपेटीतली काडी नुसती घासली जाते, मिठाला पाणी सुटतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवा आधीच पाण्याने भरलेली असते. भिजलेल्या वस्तूतल्या पाण्याला वाफ होऊन जायला जागाच उरत नाही.

अशाच एका सकाळी अण्णा, माझे वडील, तरव्याच्या पेंढ्या घेऊन मळ्याकडे निघाले होते. साकवाच्या टोकाला शेवाळावरून त्यांचा पाय सरकला आणि ते पऱ्यात आडवे झाले. पाणी फार नव्हतं. गुडघा खरचटला, पेंढ्या वाहून गेल्या त्या पुढे वाकणावर सापडल्या. पण डाव्या कानामागचं मशीन पाण्याखाली जाऊन आलं होतं.

अण्णांनी उभी हयात एसटी चालवली. जुन्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला, बॉनेटखाली. घाट चढताना त्याचा आवाज इतका, की कंडक्टरची घंटा ऐकायला कान देऊन बसावं लागे, असं ते सांगतात. आवाजाने जाणारा कान एकदम जात नाही. आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येईनासं होतं, साधारण ४,००० हर्ट्‌झच्या आसपासचं. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, पण ‘स’, ‘श’, ‘त’ अशी अक्षरं निसटतात. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज सगळ्यात आधी हरवतात. माझ्या मुलीचं बोलणं त्यांना मशीन आल्यानंतर पहिल्यांदा नीट कळलं. तेव्हा ती चार वर्षांची होती. त्यामुळे हे मशीन आमच्या घरात काय आहे, ते मला वेगळं सांगायला नको.

मी आयटीआयमध्ये निदेशक आहे, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. लावणीला दरवर्षी रजा काढून माहेरी येते. त्या सकाळी मी मागून चालत होते म्हणून वेळेवर पोचले. “अण्णा, मशीन काढा,” म्हणून ओरडले, पण त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांना काठावर बसवलं, मीच हात घालून मशीन काढलं आणि तिथल्या तिथे सेलचं दार नखाने उघडून सेल बाहेर पाडला. आई म्हणाली, “अगं, त्यांचा गुडघा बघ आधी.” गुडघा तिने बघितला.

सेलची एवढी घाई कशासाठी, ते सांगते. नुसत्या पाण्याने सर्किट लगेच बिघडत नाही. आमच्याकडे शिकाऊ मुलं बोर्ड धुतात, वाळवतात आणि पुन्हा चालू करतात. पण पऱ्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, माती असते, आणि कानामागे घाम म्हणजे मीठ असतंच. अशा पाण्यातून वीज वाहते. दोन बारीक तांब्याच्या रेघांमध्ये असं पाणी अडकलं आणि सेल जोडलेला राहिला, तर धन बाजूचं तांबं विरघळायला लागतं आणि ऋण बाजूकडे सरकून तिथे जमतं. इकडची रेघ खाल्ली जाते आणि तिकडच्या रेघेला मुळ्या फुटतात. या मुळ्या दुसऱ्या रेघेला टेकल्या की शॉर्ट. कानाच्या मशीनचा सेल जेमतेम १.४ व्होल्टचा, पण एवढ्या कामाला तेवढाही पुरतो. सेल काढला की ही क्रिया जवळजवळ थांबते. मग वाळवायला थोडा वेळ लागला तरी चालतो.

चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर आला, त्यानंतर आमच्या वर्कशॉपमध्ये ओळखीपाळखीच्यांचे कितीतरी मोबाइल आले होते. ते उघडताना मुलांना मी हेच दाखवत होते. ज्यांनी फोन पाण्यातून काढल्यावर लगेच बंद केला, त्यांच्या बोर्डावर नुसता गाळ होता. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश लावून तो निघाला. ज्यांनी ‘चालू होतोय का बघू’ म्हणत पुन्हा पुन्हा बटण दाबलं, चार्जर लावला, त्यांच्या बॅटरी कनेक्टरवर हिरवी बुरशी चढल्यागत थर होता आणि पिनाच जागेवर नव्हत्या. भिजलेली वस्तू चालू करून बघायची ओढ मला समजते. त्यात घरच्यांचे फोटो असतात, हिशेब असतात. तरीही तेच एक काम करायचं नसतं.

घरी येऊन मी मशीनचे भाग सुटे केले. कानात बसणारा साचा आणि त्याची पारदर्शक नळी हुकपासून ओढून वेगळी केली. ही नळी आतून जेमतेम दोन मिलिमीटरची असते. एवढ्या बारीक नळीत पाण्याचा एक थेंब असला की तो आपल्याच ताणाने दोन्ही बाजूंच्या भिंतींना धरून बसतो. झटकला तरी पडत नाही, आणि आवाज त्याच्यापुढे जातच नाही. मशीन बिघडलं म्हणून लोक परत आणतात, त्यात कित्येकदा नुसता हा थेंब असतो. नळी हवेच्या रबरी फुग्याने फुंकून काढली, साचा स्वच्छ पाण्याने धुतला. मुख्य मशीनला मात्र धुणं नाही. ते जुन्या मऊ सुती कापडाने पुसलं, माइकची भोकं खाली राहतील असं धरून हलकेच झटकलं, सेलचं दार उघडंच ठेवलं. त्याचं कवच मी उघडलं नाही. मोबाइल उघडणं आणि हे उघडणं यांत फरक आहे. आतला रिसीव्हर इतका नाजूक असतो, की ते काम त्याच्या जागीच व्हावं.

अण्णांच्या मशीनवर आयपी ६७ असं लिहिलेलं आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा; ७ म्हणजे एक मीटर खोल स्वच्छ पाण्यात अर्धा तास. भाऊ म्हणाला, “मग घाबरायचं कशाला?” पण ही चाचणी नव्या मशीनची असते, प्रयोगशाळेतल्या पाण्यात. वर्षानुवर्षं घाम पिऊन झालेल्या रबराची ती नसते. शिवाय हा सेल झिंक-एअर जातीचा. त्याच्या पाठीवर बारीक भोकं असतात, त्यांतून हवेतला ऑक्सिजन आत जातो आणि जस्ताशी संयोग होऊन वीज तयार होते. म्हणून तर नव्या सेलवर रंगीत चिकटपट्टी असते, अण्णांच्या १३ नंबरच्या सेलला नारंगी. ज्या मशीनच्या सेलला हवा लागते, ते सगळीकडून बंद करता येत नाही.

तोवर बातमी वाडीत पोचली होती. शेजारची काकी पायरीवरूनच म्हणाली, “तांदळात घालून ठेव गो. आमच्या पोराचा मोबाइल तसाच सुरू झालेला.” काकीचं म्हणणं खोटं नाही, तिच्या पोराचा मोबाइल सुरू झालाच होता. पण तो दोन रात्री बंद राहिला, म्हणून सुरू झाला असावा. उघड्यावर ठेवला असता तरी झाला असता. तांदळात स्वतःचंच १२ ते १४ टक्के पाणी असतं आणि आषाढातल्या आमच्या डब्यातला तांदूळ हवेतली ओल घेऊन बसलेला असतो. त्याला आणखी ओल ओढायची फारशी ताकद उरत नाही. वर तांदळाची पिठी माइकच्या भोकांत जाते. आयफोन बनवणाऱ्या अ‍ॅपलनेही २०२४ मध्ये आपल्या सूचनांमध्ये भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, असं स्पष्ट लिहिलं.

आईला चुलीची आठवण झाली. लावणीत आमच्याकडे सगळं चुलीवरच वाळतं: कपडे, टोप्या, भाच्याची वह्या-पुस्तकं. “जरा शेकलं तर काय होतं?” तिने विचारलं. प्लास्टिक वाकतं, आतला गोंद सुटतो, रिसीव्हरचा पातळ पडदा कायमचा बिघडतो. हेअर ड्रायरचंही तेच, वर तो पाणी आणखी आत ढकलतो. आईने ऐकलं आणि चुलीजवळची जागा पुन्हा भाच्याच्या दप्तराला दिली.

मशीन घेतलं त्या वेळी ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी सोबत एक वाळवणीची डबी दिली होती. लहानशी, घट्ट झाकणाची, तळाशी सिलिका जेलचे नारंगी दाणे. हे दाणे ओल्या हवेत स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी धरून ठेवू शकतात. बंद डबीतली हवा त्यांनी कोरडी केली की मशीनच्या आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं, दाणे तेही ओढतात, हवा पुन्हा कोरडी. बाहेर पाऊस कितीही पडो, डबीत जणू चैत्र असतो. यात उष्णता लागत नाही, वारा लागत नाही. झाकण मात्र घट्ट हवं.

आमचे दाणे हिरवे झाले होते. म्हणजे ते पोटभर पाणी प्यालेले होते. स्वयंपाकाला न लागणाऱ्या एका पत्र्याच्या झाकणावर ते पसरून मंद निखाऱ्यावर ठेवले, हळूहळू हलवत राहिले, तेव्हा रंग परत नारंगी झाला. सगळेच दाणे असे भाजण्यातले नसतात. वर्कशॉपमधल्या जुन्या बाटलीतले निळे दाणे ओल घेतल्यावर गुलाबी होतात. त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकघरात आणूच नयेत. बुटांच्या खोक्यातल्या पुड्याही कामाच्या नाहीत, त्या कधीच ओलावलेल्या असतात. दाणे गार झाल्यावर मशीन, नळी आणि साचा डबीत ठेवून झाकण लावलं. जुना सेल फेकला. नवा सेल डबीत ठेवायचा नाही, कारण त्याच्या आत थोडं पाणी लागतंच आणि कोरड्या हवेत तो सुकतो.

मग वाट बघायची. मला हा भाग कठीण गेला. माझ्या कामात वाट बघणं रोजचं आहे, पण इथे त्या वेळात अण्णा बसून होते. माणसांनी भरलेलं घर, ओटीवर लावणीला आलेली मंडळी, भाकऱ्यांची गडबड, आणि त्यात अण्णा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. कुणी हसलं की तेही हसत. संध्याकाळी भाऊ उद्या कुठल्या मळ्यात लावायचं ते सांगत होता. अण्णांनी दोनदा विचारलं, भावाने हाताने ‘राहू दे’ केलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तो दिवसभर चिखलात उभा होता. पण ज्यांनी ते मळे राखले, त्यांना त्या बोलण्यातून वगळलं गेलं. मी पाटी-खडू आणून अण्णांसमोर ठेवली आणि भावाला लिहायला लावलं. अण्णांनी वाचून लगेच सांगितलं, “खालचा मळा आधी. तिथलं पाणी परवा उतरेल.” तसंच ठरलं.

फोन भिजला तर आपण रात्रीतून तालुक्याला धावतो. म्हाताऱ्या माणसाच्या कानातलं मशीन भिजलं तर ‘बघू, लावणी झाली की नेऊ’ असं होतं, आणि मग ते कपाटात जातं. त्या माणसालाही वाटतं, आता आपल्याला काय ऐकायचंय. मला याची चीड येते. किंमत बघितली तर अण्णांचं मशीन घरातल्या कुठल्याही मोबाइलपेक्षा महाग आहे, पण मुद्दा तो नाहीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबी उघडली. दाण्यांच्या कडा हिरवट झाल्या होत्या, म्हणजे पाणी निघालं होतं. नव्या सेलची चिकटपट्टी काढून तो थोडा वेळ हवेत ठेवला, मग बसवला. मशीन सुरू झाल्याची धून वाजली. मुठीत धरल्यावर शिट्टीही दिली. अण्णांनी कानात घातलं आणि म्हणाले, “येतंय. पण गोणपाटातून आल्यासारखं.”

हे अपेक्षितच होतं. सुरू झालं म्हणजे बरं झालं असं समजून तसंच वापरू नये. आत राहिलेला ओलावा आणि क्षार हळूहळू काम करत राहतात. पहिल्या एसटीने आम्ही रत्नागिरीला गेलो. मॅडमनी स्टेथोस्कोपसारखी नळी लावून स्वतः ऐकलं, मग चाचणीच्या पेटीत मशीन ठेवून वरच्या पट्टीतला आवाज किती कमी येतोय ते पडद्यावर दाखवलं. मशीन निर्वात यंत्रात ठेवलं. हवेचा दाब उतरवला की पाण्याची वाफ कमी तापमानालाही झपाट्याने होते, म्हणून डबीत न निघालेली ओल तिथे निघते. हुकमधली बारीक जाळी बदलली, कडक पिवळी पडलेली नळी बदलली. नंतरच्या चाचणीत आलेख पूर्वीच्या जागी आला. सेल ताबडतोब काढला म्हणून आतले संपर्क स्वच्छ राहिले, असं त्या म्हणाल्या.

अण्णांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, “मळ्यात घालू का नको?” मॅडम म्हणाल्या, पावसात काढून ठेवलेलं बरं. अण्णा म्हणाले, “मग टिलरचा आवाज मागून कसा कळणार?” त्यावर उत्तर शोधावं लागलं. मशीनवर ताणून बसणारं कापडी आवरण मिळतं, घाम आणि शिंतोडे बऱ्यापैकी अडवतं. वर कानटोपी, तिच्यावर प्लास्टिकची खोळ. मळ्यातून आल्यावर पुसायचं, दार उघडायचं, रात्रभर डबीत. डबीचं काम भाच्याने अंगावर घेतलं आहे. दाण्यांचा रंग तो रोज बघतो आणि हिरवा दिसला की मला फोन करतो.

आम्ही परत आलो त्या संध्याकाळी काकी तिच्या सासूबाईंचं मशीन घेऊन आली. गेल्या पावसात भिजलं, तांदळात ठेवलं, सुरू झालं नाही, तेव्हापासून कपाटात. सेल आतच होता. दार उघडलं तर संपर्कांवर पांढरी भुकटी. ती मी कापसाच्या बोळ्याला आयपीए लावून काढली, एक संपर्क खाल्ला गेलाय, दुसरा शाबूत आहे. पुढच्या तपासणीला अण्णांबरोबर आजीही रत्नागिरीला येणार आहेत. एसटीत खिडकीची जागा त्यांनी आत्ताच मागून ठेवली आहे.