हाताने चार आटे

डॅशबोर्डवरचा लाल ऑइल दिवा ही फार उशिरा पोचणारी खबर आहे. त्यामागचा स्विच दाब साधारण ०.३ ते ०.५ बारपर्यंत घसरला की दिवा लावतो. हायवेला तीन-चार बार धरून असलेल्या इंजिनाचा दाब निम्म्यावर आला, तरी दिवा गप्पच. म्हणून लोक बाहेरून गेज आणून बसवतात. काटा डॅशबोर्डवर बसवणं सोपं. खरं काम खाली, जिथे मूळ स्विच बसतो त्या तेलाने माखलेल्या भोकापाशी असतं, कारण गेजचा सेन्सर तिथेच बसवायचा असतो.

*

पुण्यातल्या एखाद्या गॅरेजात जुनी जीप, जिप्सी आणि चाकणची पोलो शेजारीशेजारी उभ्या असणं यात नवल नाही. तिघींचा ऑइल स्विच लांबून सारखाच दिसतो, पण त्याचे आटे वेगळे. जीपचं इंजिन मुळात विलिजचं, म्हणजे अमेरिकन, तिथे १/८ एनपीटी, हा अमेरिकन पाइप-आटा. जिप्सी सुझुकीची, तिथे १/८ बीएसपीटी, हा मूळचा ब्रिटिश पाइप-आटा. जपानी कागदपत्रांत त्यालाच पीटी किंवा आर म्हणतात. पोलोसारख्या जर्मन गाड्यांत बहुधा एम१० बाय १, हा मिलिमीटरचा आटा. आणि ऑनलाइन मागवलेल्या गेजच्या खोक्यावर लिहिलेलं असतं ‘युनिव्हर्सल’. आत सेन्सर बहुतेक वेळा १/८ एनपीटीचा निघतो.

*

१/८ इंच म्हणजे ३.१७५ मि.मी. त्या सेन्सरवर कुठेही व्हर्निअर लावा, हा आकडा मिळणार नाही. तो जुन्या काळच्या पाइपाच्या पोकळीचा नाममात्र आकार. बाहेरून आटे १० मि.मी.च्या आसपास भरतात, आणि एम१०चेही तेवढेच. घोळाची सुरुवात इथून.

*

बाकीचा घोळ एकोणिसाव्या शतकातला. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली इंग्लंडात आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला. विल्यम सेलर्सने १८६४ साली फिलाडेल्फियात ६० अंशांचा कोन मांडला, कारण तो कारागिराला कापायला आणि तपासायला सोपा. पाइपाच्या निमुळत्या आट्यांची अमेरिकन मापं रॉबर्ट ब्रिग्जची. ती तिकडे १८८६मध्ये प्रमाण झाली. ब्रिटिश पाइप-आटे व्हिटवर्थच्या कोनावरच राहिले. आपण इंग्रजांच्या वाटेने गेलो, म्हणून आपल्याकडचं पाइप-आट्यांचं मानक आयएस ५५४ हे बीएसपीच्याच कुळातलं. जपाननेही पाइपापुरता तोच कोन घेतला. त्यामुळे जिप्सीचं भोक आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानातलं फिटिंग एका कुळातली, आणि महागाचा अमेरिकन गेज परका.

*

तिन्ही मापं एकदाच लिहून ठेवतो.
एनपीटी: इंचात २७ आटे, कोन ६०, निमुळता.
बीएसपीटी: इंचात २८ आटे, कोन ५५, निमुळता.
एम१० बाय १: आटा दर मिलिमीटरला, कोन ६०, सहसा सरळ. सहसा एवढ्यासाठी म्हटलं, की जर्मन सेन्सरांत एम१०चा निमुळता प्रकारही मिळतो.

*

‘चढतोय की साहेब’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. चढतो, हे खरंच आहे. प्रश्न किती चढतो, हा.

निमुळत्या आट्यांची जोडी बरोबर असेल तर सेन्सर नुसत्या हाताने चारएक आटे जातो आणि मग घट्ट होतो. पुढचे दीड-दोन फेरे पान्याचे. एनपीटीचा सेन्सर एम१०च्या भोकात घातला, की दोन आट्यांवर अडतो. बीएसपीटीच्या भोकात तर जेमतेम तोंड धरतो. इथे पाना लावला की अॅल्युमिनियम कापलं जातं. हाताला तो करकरीत जोर ‘छान बसतोय’ असा भासतो आणि भोकातून चकचकीत केसासारखा कीस बाहेर येतो. हा कीस दिसला की थांबायचं.

उलटा प्रकार जास्त फसवा. बीएसपीटीचा सेन्सर एनपीटीच्या भोकात हातानेच जवळजवळ पाना लागतो त्या षटकोनापर्यंत आत जातो. कुठे अडत नाही, कीस निघत नाही, मेकॅनिक खूश. मधल्या फटीत टेप भरली की थंड इंजिनावर गळतीही दिसत नाही. तेल तापून पातळ झालं, की मग जमिनीवर थेंब.

*

प्लंबर मात्र ‘टेप मारा, चालतं’ असं म्हणतो, आणि त्याच्या जागी तो खोटं बोलत नाही. अर्ध्या आणि पाऊण इंचाला एनपीटी आणि बीएसपी दोन्हींत इंचाला १४च आटे असतात. तिथे ताग आणि सफेदा लावून जोड धरून जातो. १/८ला २७ आणि २८, पाव इंचाला १८ आणि १९. नळाचा अनुभव इंजिनाला लावायचा नाही, तो यामुळे.

*

मोजायचं कसं? व्हर्निअर दोन ठिकाणी लावा, टोकाला आणि षटकोनाजवळ. दोन्हीकडे ९.९च्या आसपास एकच आकडा आला, तर एम१०. टोकाला ९.९ आणि मुळाशी १०.३च्या जवळ, तर एनपीटी. टोकाला ९.५ आणि मुळाशी ९.९च्या जवळ, तर बीएसपीटी. ९.९ हा आकडा तिन्हींवर कुठे ना कुठे सापडतो, म्हणून एकाच ठिकाणी माप घेऊन निकाल देणारा माणूस ठामपणे चुकतो.

आट्यांमधलं अंतर मोजणारा पिच गेज नसेल तर ओळखीचा आटा अनोळखी आट्याला आडवा टेकवून उजेडाकडे धरायचा. दात एकमेकांत पूर्ण बसले तर फट दिसत नाही. दहा आट्यांत २७ आणि २८चा फरक मिलिमीटरचा जेमतेम एक तृतीयांश. पण उजेडात दिसतो. भोकात बघता येत नाही, म्हणून माप भोकाचं घेऊच नये. गाडीतून काढलेला मूळ स्विच मोजावा. तो अनेकदा कचऱ्यात गेलेला असतो, ही वेगळी तक्रार.

*

टेप. निमुळत्या आट्यावर दोन वेढे, पहिला आटा मोकळा सोडून, म्हणजे तुकडा तेलाच्या वाटेत जाणार नाही. सरळ आट्यावर टेपचा काही उपयोग नाही. तिथे तेल थांबवतो तो खालचा तांब्याचा वायसर. एकतारी सेन्सर अर्थिंग अंगातूनच घेतो, तेव्हा टेपचं मुंडासं बांधलं की काटा नाचायला लागतो. बिचारा गेज बदलला जातो. इंजिनावर मला पातळ सीलंटच जास्त बरं वाटतं.

*

रेडिएटरच्या रबरी पाइपात जोडतुकडा घालून तापमानाचा सेन्सर बसवणारे एक विसरतात: रबरातून अर्थ मिळत नाही. जोडतुकड्यापासून बॉडीपर्यंत वेगळी तार ओढावी लागते.

*

आटे जुळले म्हणजे गेज जुळला असं नाही. व्हीडीओ कंपनीच्या पद्धतीचा दाबाचा सेन्सर १० ते १८० ओहमच्या पट्ट्यात चालतो, अमेरिकन पद्धतीचा २४० ते ३३, म्हणजे उलट्या दिशेने. एकाचा काटा नि दुसऱ्याचा सेन्सर लावला, तर इंजिन बंद असताना दाब भरपूर दिसेल.

*

मूळ स्विच ठेवून गेजही हवा, तर पितळी टी घालतात. विचार बरोबर, पण त्या टीवर डबीएवढा जड सेन्सर लटकवला की इंजिनाच्या थरथरीने पितळ मुळाशी तडकतं. सेन्सर बॉडीवर क्लॅम्पने बसवून जाळीदार होजने तेल तिथपर्यंत न्यावं. खर्च वाढतो, वाढू द्यावा.

*

तेलाच्या फिल्टरखाली बसणारी सँडविच प्लेट ही दुसरी वाट. तिची भोकं बहुतेक १/८ एनपीटी, म्हणजे गेजच्या सेन्सरला सोयीची. पण फिल्टरचा आटा बघूनच घ्यावी: एम२० बाय १.५ आणि ३/४-१६ हे दोघे जवळजवळ सारखे दिसतात. व्यासात फरक ०.९५ मि.मी.चा.

*

ब्लॉकच्या भोकात नवा टॅप मारून ‘कायमचा बंदोबस्त’ करून देणारे भेटतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणावं. एका टोकाला बीएसपीटी, दुसऱ्याला एनपीटी असा ॲडॉप्टर मिळतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला शोधावा, नाहीतर चांगल्या टर्नरकडून लेथवर करून घ्यावा. नमुना म्हणून मूळ स्विच आणि नवा सेन्सर दोन्ही त्याच्या हातात द्यावेत, नुसतं ‘१/८’ सांगू नये.

*

गेज विकणाऱ्यांना एक विनंती. खोक्यावरचं ‘युनिव्हर्सल’ काढा आणि तिथे आट्याचं पूर्ण नाव आणि सेन्सरचे ओहम छापा. गिऱ्हाईक व्हर्निअर घेऊन दुकानात येत नाही.