आडनाव विचारणारे घरमालक आणि न वाचलेला करार

बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. हा प्रसंग आपण दर जयंतीला सांगतो. पण स्वतःच्या भाड्याच्या घराचा करार आपल्यापैकी किती जण वाचतात? मी वाचला नव्हता.

लग्नानंतर आम्ही दोघं पुण्यात घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं आणि आडनाव कळलं की 'घर कालच गेलं' असं उत्तर यायचं. 'तुम्ही व्हेज ना?' हा प्रश्न म्हणजे जात विचारण्याची सभ्य पद्धत. सातव्या ठिकाणी होकार आला, तेव्हा मला तो उपकार वाटला. चाळीस हजार डिपॉझिट दिलं आणि एजंटाने बोट ठेवलं तिथे सह्या केल्या. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईने!

चौथ्या महिन्यात मालक आले. भिंतीवरचा बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो पाहिला, पण काही बोलले नाहीत. आठवड्याभरात नोटीस आली : महिन्यात घर रिकामं करा, मुलाला हवं आहे. डिपॉझिट मागितलं तर म्हणाले, "तुम्ही लॉक-इन मोडला."

त्या रात्री करार पहिल्यांदा वाचला.

लॉक-इन म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी करार मोडायचा नाही. आमच्या करारात ही अट फक्त आमच्यावर होती. मालक मात्र महिन्याच्या नोटिशीवर आम्हाला काढू शकत होते. म्हणजे नोटीस त्यांनी दिली आणि करार मोडला म्हणे आम्ही!

करारावर 'लीव्ह अँड लायसन्स' लिहिलं होतं. लीज म्हटलं की जागेत भाडेकरूचा काही हक्क तयार होतो. लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची नुसती परवानगी. म्हणून मालकांना लायसन्सच आवडतं. मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. ही आपल्यावरची जबाबदारी, तीही माहीत हवी.

पण त्याच कायद्यात कलम ५५ आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते चूक असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' ही एजंटांची थाप महाराष्ट्रात चालत नाही. आमचा करार नुसता नोटरी केलेला होता.

कलम ५५ चा उल्लेख करून मी मालकांना पत्र लिहिलं. दोन आठवड्यांत डिपॉझिट परत आलं. घर मात्र गेलंच.

कोणी म्हणेल, कलम पाठ केल्याने जात जाते का? नाही जात. आडनाव ऐकून बंद होणारं दार या कलमाने उघडत नाही. ती लढाई वेगळी आहे आणि ती लढलीच पाहिजे. पण दार उघडल्यावर आपण जी मान खाली घालतो, तिचं काय? भाडं आपण देतो, डिपॉझिट आपण देतो, मग उपकार कसला? दारोदार नकार ऐकून थकलेला माणूस कुठेही सही करतो, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून सही करण्याआधी एवढं बघा : लॉक-इन आणि नोटीस दोघांना सारखी आहे का, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, रंगकाम आणि मेंटेनन्स कोणाकडे, नोंदणी झाली का. डिपॉझिट बँकेतून द्या, रोख नको. घराचा ताबा घेताना प्रत्येक खोलीचे फोटो काढा.

आणि रविवारी विहारात वंदना झाली, की शहरात नव्याने आलेल्या पोरापोरींचे करार एकत्र बसून वाचा. 'शिका' या शब्दात हेही शिक्षण येतं.

जयभीम.