गाणे कोणास ऐकवावे?

काही वर्षांपूर्वी मधल्या सुटीत नववीतील एक मुलगी खिडकीशी उभी राहून एक इंग्रजी गाणे गुणगुणत होती. जयपूरचे गायक प्रतीक कुहाड स्वतःच पदे रचून स्वतःच गातात; त्यांचे 2018 साली निघालेले 'कोल्ड/मेस' हे ते गाणे. तुटत चाललेली प्रीती धरवतही नाही आणि सोडवतही नाही, ही त्यातील व्यथा. "या वयात असली रडगाणी कशाला?" असे आम्ही तीस दरडावले. ती हळूच म्हणाली, "सर, घरी आईबाबा एकमेकांशी बोलतच नाहीत. या गाण्यात निदान कोणीतरी खरे बोलते." आम्ही निरुत्तर झालो.

सायंकाळी खोडदला घरी परतताना रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या नित्याप्रमाणे दिसल्या. अशा 30 तबकड्या मिळून दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपतात; आणि आम्हांस हाताच्या अंतरावरील लेकराचे दुःख ऐकू आले नव्हते!

मग आजीचे जाते आठवले. दिवसा आजोबांपुढे जिच्या तोंडून शब्द फुटत नसे, ती पहाटे दळताना त्यांच्या अबोल्याचे गाऱ्हाणे ओवीत गाई. समोर खुंट्याला हात लावून बसलेली तिची जाऊ पुढची ओवी गाऊन तीस धीर देई. हेमा राईरकर व गी पॉइत्वां यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा लाखावर ओव्या जमविल्या. संसारातील दुःख त्यांतही आहेच. तेव्हा ही रडगाणी आजची नव्हेत. भेद एवढाच, की जात्यापाशी दोघी असत; आमची मुले कानांत यंत्र घालून एकटीच ऐकतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीस ते गाणे आम्हांस ऐकविण्याची विनंती केली व बाकावर बसून ते शेवटपर्यंत ऐकले. गाणे संपल्यावर ती बराच वेळ बोलली. तिच्या घरचा अबोला आम्हांस मोडता आला नाही. परंतु त्या दिवसापासून ती एकटी राहिली नाही. ती आता शाळा सोडून गेली आहे. हे तिच्या अनुमतीनेच लिहीत आहोत.

पालकहो, घरातील अबोला मुलांस कळत नाही, असे मानू नका. मुलांचे गाणे बंद करण्यापूर्वी एकदा त्यांच्याजवळ बसून ते ऐका. आणि विद्यार्थिमित्रांनो, मनास लागलेले गाणे कोणास तरी ऐकवा.