बारा पस्तीस

परवा आईकडे कपाट आवरताना एक जुनी लग्नपत्रिका सापडली. लग्न आमच्या घरातलं नव्हे, ओळखीच्यांकडचं, १९९५ सालच्या मे महिन्यातलं. पिवळा पडलेला कागद, वर गणपती, आणि मुहूर्ताच्या ओळीवर चिकटवलेली एक बारीकशी पट्टी. 'दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे'. ती पट्टी पाहिली आणि कपाट तसंच उघडं टाकून मी खाली बसकण मारली. (आई, वाचत असशील तर राहिलेलं कपाट रविवारी येऊन आवरते, नक्की!) अण्णांबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं. आज लिहितेच.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. जन्म १९२७चा, वाईजवळच्या एका खेड्यातला. वडील लवकर गेले, चौथीनंतर शाळा सुटली आणि तेराव्या वर्षी ते पुण्यात आले ते एका छापखान्यात झाडू मारायला. तिथेच बघून बघून खिळे जुळवायला शिकले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तेच केलं.

खिळे जुळवणं हा प्रकार आता फारसा कुणी पाहिलेला नसेल. समोर लाकडी केस, म्हणजे बारीक बारीक खणांचे मोठे कप्पे. एकेका खणात शिशाची एकेक अक्षरं. आपल्या मराठीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, त्यामुळे खण शेकड्यांनी. डाव्या हातात स्टिक धरायची आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून ओळ लावायची. अक्षरं उलटी. एक पान छापून झालं की ते खिळे सुटे करून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. हे सगळं दिवसभर उभ्याने. अण्णांच्या पायांवरच्या निळ्या शिरा मला लहानपणी नकाशातल्या नद्यांसारख्या वाटायच्या.

शिसं पोटात जाऊ नये म्हणून घरी आल्यावर कोपरापर्यंत हात घासून धुतल्याशिवाय ते आम्हाला जवळ घेत नसत. आणि दिवाळी अंकांच्या हंगामात तर अण्णा आम्हाला दिसायचेच नाहीत. आम्ही उठायच्या आधी बाहेर, झोपल्यावर घरात. धनत्रयोदशीला एकदाचे यायचे, आणि बरोबर वाया गेलेल्या प्रुफांचा गठ्ठा. आजी त्याच्या वह्या शिवायची. एका बाजूला आमची गणितं, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी अर्धीच कथा. शेवट कधीच मिळायचा नाही!

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा छापखान्यात पुरुषभर पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर सगळ्या केसेस उलथ्यापालथ्या, खिळे चिखलात. नळ कोरडे. अण्णा आणि इतर कामगार विहिरीवरून पाणी आणून ते खिळे धूत आणि निवडत बसले, कितीतरी आठवडे. आजी सांगायची, घरातही चिखल होता, पण हे आधी तिकडे गेले. तिच्या आवाजात ती तक्रार शेवटपर्यंत होती, आणि मला वाटतं ती खरीच होती. कष्टाळू माणसाच्या घरच्यांनाही काहीतरी सोसावं लागतंच.

१९९१मध्ये छापखाना बंद पडला. सगळीकडे ऑफसेट आलं होतं. मालकांकडे द्यायला पैसे नव्हते, म्हणून थकलेल्या पगाराच्या बदल्यात त्यांनी अण्णांना खिळे दिले. ते पोत्यांत भरून आमच्या जिन्याखाली येऊन पडले. अण्णा अधूनमधून एखादं पोतं उघडायचे, मूठभर खिळे काढून पुसायचे आणि परत ठेवायचे.

१९९३ला मी बारावी झाले आणि डीटीपीचा कोर्स करायचं डोक्यात घेतलं. फी बरीच होती. घरात सगळ्यांनी नाक मुरडलं, 'दोन वर्षांत लग्न होईल, कशाला?' अण्णा म्हणाले, "माझी एक ठेव आहे, ती मोडतो." आठवड्याने पैसे माझ्या हातात होते.

आणि १९९५ला ही पत्रिका. मी स्वतः घेतलेलं पहिलं काम. पेजमेकरमध्ये झोकात सजवली, तीनशे प्रती छापून घरी आणल्या. अण्णांनी एक हातात घेतली, चष्मा लावला, मग आत जाऊन गिऱ्हाइकाचा कच्चा कागद घेऊन आले. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. मी छापले होते ५३.

"प्रूफ कुणी वाचलं?"

"मीच. स्क्रीनवर."

ते काही बोलले नाहीत. मलाच राहवलं नाही. "अठरा मिनिटांनी काय होतंय, अण्णा? लग्न वेळेवर लागतं कुठे?"

"उद्या पत्रिका वाटायला निघतील. मग कुणाकुणाच्या दारी जाऊन सांगशील?" एवढंच म्हणाले, टोपी घातली आणि सायकल काढली. वय अडुसष्ट.

रात्री दहाला परत आले. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे ट्रेडल मशीन होतं. तिथे उभं राहून ती एक ओळ त्यांनी दहा वेळा जुळवली होती आणि तीसेक कागद छापून आणले होते. मी पट्ट्या कापल्या, आजीने खळ शिजवली, आणि अण्णा एकेक पट्टी लावत गेले. हात थरथरत होता, पण एकही तिरपी गेली नाही. पहाटे साडेतीनला संपलं. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

अण्णा २००४ला गेले. चौदाव्या दिवशी ते सहकारी आले होते. बोलता बोलता म्हणाले, "आमचं ठरलं होतं ना, माझं मशीन आणि त्याचे खिळे, दोघांत छोटा छापखाना काढायचा. मग एक दिवस म्हणाला, खिळे मोडीत घातले, नातीची फी भरायचीय."

म्हणजे ती ठेव. मी घाईघाईत जिन्याखाली जाऊन पाहिलं. तिथे कधीपासून माझ्या भावाची सायकल उभी होती. पोती गेलेली अकरा वर्षांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आणि ती ओळ जुळवायला ते त्या रात्री त्याच माणसाकडे गेले होते. त्याच्याच खिळ्यांनी, त्याच्याच मशीनवर. माझी चूक निस्तरायला.

असो. आता मी फोनवर टाइप करते, चुकलं की खोडते, कुणाला कळतही नाही. तरी हे तीनदा वाचलंय, एकदा कागदावर काढूनसुद्धा. काकाला आणि आत्याला विचारून सालं तपासली आहेत. एवढं करून काही चुकलं असेल तर सांगा, आज रात्रीच दुरुस्त करीन.